विल्कोवे: गाळ उपसून उभं केलेलं गाव

कृष्णाकाठ

युक्रेन म्हटलं की आपल्याकडे दोनच विषय निघतात, मेडिकलची फी आणि युद्ध. मी पहिल्यापायी गेले आणि दुसऱ्यापायी परत आले, त्यामुळे नाकं मुरडायला मला तोंड नाही. पण ओदेसात काढलेल्या साडेचार वर्षांत एक गाव असं पाहिलं की ते अजून डोक्यातून जात नाही. मागे 'प्रवासात भेटलेली गावं' धाग्यावर दोन ओळी टाकल्या होत्या, तेव्हा दोघातिघांनी सविस्तर लिही म्हणून सांगितलं. आज रविवार आहे, पाऊस आहे, लिहिते.

गावाचं नाव विल्कोवे. ओदेसा प्रांताचं अगदी नैर्ऋत्य टोक. इथे डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला मिळते. नदीचा उत्तरेकडचा फाटा, किलिया फाटा, म्हणजेच युक्रेन आणि रोमानियाची हद्द. हा फाटा गावाजवळ आणखी फुटतो, काट्याचमच्यातल्या काट्यासारखा. रशियनमध्ये काट्याला 'विल्का' म्हणतात. नाव त्यावरून आलं असं तिथे सगळे सांगतात. वस्ती सात-आठ हजार.

मे २०१९. आम्ही चौघी. प्रिवोझ बाजाराजवळच्या स्टँडवरून मर्श्रूत्का, म्हणजे आपली वडाप. रस्त्याबद्दल काय सांगू, सांगलीची असून मला खड्ड्यांचं नवल वाटलं यात काय ते समजा. वाटेत पालांका नावाच्या ठिकाणी जेमतेम आठ किलोमीटर मोल्दोव्हा देश लागतो. ड्रायव्हरला चिठ्ठी मिळते, मध्ये थांबायचं नाही, पलीकडच्या नाक्यावर चिठ्ठी परत द्यायची. आम्हाला परदेश पाहिल्याचा आनंद, गाडीतल्या बायकांना त्याचं काहीच नाही. त्या सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या.

गाव पहिल्या नजरेला निराश करतं. एक सरळ रस्ता, दुकानं, सोव्हिएत धाटणीच्या दोनतीन इमारती. पण डावी-उजवीकडे वळलात की रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. घरांच्या मधून कालवे. कालव्याला तिथे 'येरिक' म्हणतात. येरिकच्या कडेने दोन फळ्यांची पायवाट, खाली खुंट ठोकलेले, तिचं नाव 'क्लादका'. समोरून कोणी आलं तर एकाने कुंपणाला चिकटायचं. प्रत्येक घरापुढे पायऱ्या आणि डांबर फासलेली काळी, निमुळती होडी. पिशव्या, गॅसची टाकी, पाहुणे, सगळं होडीतून.

आम्ही एका आजींकडे उतरलो होतो. सकाळी उठले तर त्या होडीत उभ्या. हातात दोन पुरुष लांबीचा दांडा, टोकाला डोल्यासारखं लोखंडी भांडं. ते येरिकच्या तळाला घालायचं, भरून वर ओढायचं आणि काठावरच्या वाफ्यात पालथं करायचं. गाळ कसा, तर काळा कुळकुळीत आणि उन्हात चमकणारा. त्यात गोगलगायींचे शंख, बोरूची मुळं आणि एक निळं बाटलीचं टोपण. टोपण तेवढं आजींनी वेचून खिशात टाकलं.

मी भाबडेपणाने विचारलं, साफसफाई चाललीय का? त्या म्हणाल्या, "जमीन बनवतेय."

ते अक्षरशः खरं आहे. गाव मुळात दलदलीत वसलं. पहिल्या लोकांनी चर खणले, निघालेला गाळ शेजारी टाकला, उंचवटा झाला, त्यावर घर बांधलं. चर म्हणजे येरिक, उंचवटा म्हणजे अंगण. पण नदी दरवर्षी नवा गाळ आणून येरिक भरते आणि अंगण दरवर्षी खचतं. म्हणून दरवर्षी उपसायचं आणि वर टाकायचं. एका वर्षी आळस केला तर होडी टेकते आणि दोन वर्षं केला तर स्ट्रॉबेरीच्या मुळांना पाणी लागतं. (हो, स्ट्रॉबेरी. तिथली प्रसिद्ध आहे. त्या गाळात न येऊन सांगते कुणाला.)

घरंही त्याचीच. गाळ आणि बोरू कालवून भिंती, त्याला 'चामूर' म्हणतात, वरून चुना. पुरात खालचा हातभर भाग विरघळला तरी छप्पर खांबांवर उभं राहतं, आणि पाणी गेलं की परत थापायचं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या घरात शिरली. मी सुट्टीला घरी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चार दिवस खोऱ्याने गाळ बाहेर काढत होतो आणि मी मनात म्हणत होते, आजींना कळलं हा माल आपण ट्रॅक्टरने फेकून देतोय तर काय म्हणतील!

इतिहासाचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. आई हाक मारतेय.

पागोळी

मस्त लिहिलंयस गं. चामूर म्हणजे आमचा कूडच की. फक्त आमच्याकडे कारवीच्या काटक्या आणि शेण. इतिहास नंतर दे, आधी सांग, मासे कुठले?

खवचट काका

आता कोणीतरी येऊन 'युक्रेनचं व्हेनिस' म्हणेल बघा.

मुक्काम पोस्ट गलबत

युक्रेनचं व्हेनिस! (काकांना निराश कसं करणार.)

कृष्णाकाठ

काका, तिथे पाटीवरच लिहिलंय तसं. जगात कुठेही दोन कालवे एकत्र दिसले की लोकांना व्हेनिस आठवतं, अलप्पुळालाही सोडलं नाही. वसवलं म्हणे दोन्ही पळून आलेल्यांनी, पण व्हेनिस पुढे व्यापारावर श्रीमंत झालं. होड्याही दोन्हीकडे काळ्या, साम्य संपलं.

तर इतिहास. गावाचं जन्मसाल १७४६ मानतात. तेव्हा हा मुलूख तुर्कांचा, ऑटोमन सुलतानाचा. आले ते लिपोवन. हे रशियन, पण 'जुन्या श्रद्धेचे'. सतराव्या शतकाच्या मध्यावर निकोन नावाच्या धर्मप्रमुखाने रशियन चर्चच्या विधींत दुरुस्त्या केल्या. क्रूसाची खूण दोन बोटांनी करायचे ती तीन बोटांनी करायची. येशूच्या नावात एक अक्षर वाढलं. आणि चर्चभोवतीची प्रदक्षिणा सूर्याच्या दिशेने होती ती उलटी झाली. ज्यांनी मानलं नाही त्यांना १६६६-६७ च्या धर्मसभेने बहिष्कृत केलं. पुढे छळ, जाळपोळ. त्यातले काही पळत पळत रशियन साम्राज्याच्या हद्दीबाहेर, या बोरूच्या बनात आले. इथे कोणी शोधायला येणार नाही हा हिशोब. ख्रिस्ती राजापासून जीव वाचवायला मुसलमान सुलतानाचा आसरा.

त्यांच्या मागोमाग युक्रेनी कोसॅक, म्हणजे लढवय्ये, आले. १७७५ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीने झापोरोझियातला त्यांचा तळ उद्ध्वस्त केला, त्यातले बरेचजण डॅन्यूबच्या मुखाकडे उतरले. म्हणजे एकाच दलदलीत दोन प्रकारचे फरारी. आजही गावात लिपोवनांची चर्चेस वेगळी आणि युक्रेनी ऑर्थोडॉक्स लोकांचं वेगळं. लिपोवन पुरुष दाढी राखतात, सणाला सदरा बाहेर सोडून वर कमरपट्टा बांधतात. आमच्या आजी लिपोवन, त्यांचे यजमान युक्रेनी. "लग्नात दोन्हीकडचे रुसले होते," म्हणाल्या, "मग नोवाक काढली, तेव्हा बसले."

नोवाक म्हणजे घरची वाईन. काळसर जांभळी, मुरवत ठेवायची भानगड नाही, वर्षाच्या आत संपवायची. जीभ दोन दिवस निळी राहते. दोन फळ्यांच्या क्लादकेवरून रात्री कोण पडलं ही गावातली रोजची बातमी असते, आणि कारण कोणी विचारत नाही.

बखरकार बंडू

लिपोवनांबद्दल प्रथमच वाचलं. प्रदक्षिणेच्या दिशेवरून देश सोडावा लागणे... आपल्याकडचे गंध उभं की आडवं वाले वाद आठवले. गाव तुर्कांकडून रशियाकडे कधी गेलं?

कृष्णाकाठ

बंडूदादा, श्वास घेऊन वाचा. १८१२ च्या बुखारेस्ट तहात रशियाकडे. क्रिमियन युद्धात रशिया हरला, १८५६ च्या पॅरिस तहात मोल्दाव्हिया संस्थानाकडे, ते पुढे रोमानियात विलीन झालं. १८७८ च्या बर्लिन तहात परत रशियाकडे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ ला, रोमानिया. जून १९४० ला सोव्हिएत. १९४१ ला परत रोमानिया. १९४४ ला परत सोव्हिएत. १९९१ पासून युक्रेन.

आजींच्या सासूबाई १९१० च्या आसपास जन्मलेल्या. हिशोब करा, बाईने उंबरा न ओलांडता किती देश पाहिले. रोमानियन शाळेत गावाचं नाव 'वल्कोव्ह' लिहायला शिकल्या आणि नातवाला रशियन वर्णमाला शिकवली. आजी त्यांची एक गोष्ट सांगायच्या. नवा अंमल आला की नवा कारकून यायचा आणि दप्तरात लिहून घ्यायचा, कालवे किती, होड्या किती, मासळी किती. सासूबाई दरवेळी होड्या एक कमी सांगायच्या.

बखरकार बंडू

तो एक आकडा मात्र सगळ्या साम्राज्यांत सारखा राहिला असणार.

पागोळी

मासे!!

कृष्णाकाठ

ताई, आले. रोमानियाच्या काळात आणि नंतर सोव्हिएत काळातही गावाची ओळख म्हणजे स्टर्जन आणि त्याची गाभोळी, म्हणजे कॅव्हियार. समुद्रातून अंडी घालायला हे मोठाले मासे नदीत चढायचे, त्यातला बेलुगा तर होडीपेक्षा लांब. मग वर, सर्बिया आणि रोमानियाच्या मधे, आयर्न गेट्सची दोन धरणं आली, पहिलं १९७२ ला आणि दुसरं १९८४ ला. माशांची वरची वाट बंद झाली. खाली मासेमारी आणि चोरटी मासेमारी चालूच होती. युक्रेनने २००० साली स्टर्जनच्या धंदेवाईक मासेमारीवर बंदी घातली. आता गावात स्टर्जन दिसतो तो फलकांवर.

राहिली ती 'दुनाइका', डॅन्यूबची हेरिंग. वसंतात, एप्रिल-मेच्या सुमारास, समुद्रातून नदीत चढते. चांदीसारखी, तेलकट, आणि काटे मोजायला गणिताचा शिक्षक हवा. ओदेसाच्या प्रिवोझमध्ये त्या दिवसांत सगळे हिच्यासाठीच झुंबड करतात. हलकं मीठ लावून एकदोन दिवसांत खातात. भाजूनही.

दुसरं म्हणजे 'सालामूर'. मिश्र माशांचं पातळ सार वेगळं, मासे वेगळे, आणि लसूण-मिठाचा झणझणीत पाणीदार ठेचा माशांवर ओतायचा. सोबत 'मामालिगा', म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ताटात पालथी करून दोऱ्याने कापतात.

पागोळी

चांदीसारखी, तेलकट, काटेरी, समुद्रातून नदीत चढणारी... अगं ही तर आपल्या पाल्याची चुलतबहीण! पाला, भिंग, बंगाल्यांचा हिल्सा. पूर्वी पावसात खाडीतून वर यायचा. माझे आजोबा सांगायचे वाशिष्ठीत मिळायचा म्हणून. धरणाचं दुखणं तिथेही तेच म्हणायचं.

कृष्णाकाठ

हो! दोन्ही शॅड गटातले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आम्हा घाटावरच्यांना काय कळतंय माशातलं.

रानवेडी

पक्ष्यांबद्दल लिही ना. डॅन्यूबचा त्रिभुज प्रदेश म्हणजे आमच्या गटाचं स्वप्न आहे. पण सगळे रोमानियाच्या बाजूने जातात.

कृष्णाकाठ

बहुतेक डेल्टा रोमानियात आहे, म्हणून. युक्रेनच्या बाजूला १९९८ मध्ये डॅन्यूब जीवावरण राखीव क्षेत्र झालं, त्याचं कार्यालय विल्कोव्यातच. त्याच वर्षी दोन्ही देशांचा मिळून युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. मी पेलिकनचा थवा पाहिला तेव्हा आधी विमानं वाटली, इतके संथ आणि उंच. पांढऱ्या शेपटीचा गरुड दोनदा.

पण तुला आवडेल अशी गोष्ट वेगळीच. जवळच्या येर्माकोव्ह बेटावर सोव्हिएत काळात बांध घातले होते. पुढे ते फोडून नदीचं पाणी आत घेतलं. आणि २०१९ मध्ये तिथे सोडल्या म्हशी! पाण्यातल्या, आपल्यासारख्याच. का, तर म्हशी लोळतात, डबकी करतात, बोरू तुडवतात आणि खातात. मग उघडं पाणी राहतं आणि त्यात मासे, बेडूक, पक्षी येतात. आमच्या गटातली कोल्हापूरची मैत्रीण नावाड्याला विचारत होती, "धार कोण काढतं?" कोणीच काढत नाही म्हटल्यावर तिला रात्रभर झोप नाही.

आम्ही त्या वेळी 'शून्य किलोमीटर'लाही गेलो होतो. नदी जिथे समुद्राला भिडते तिथे पाटी आहे, सगळे फोटो काढतात. एका बाजूला तपकिरी पाणी, एका बाजूला हिरवं, मध्ये रेघ मारल्यासारखं. गाव वसलं तेव्हा समुद्र उशाशी होता म्हणतात, आता पंधराएक किलोमीटर लांब गेलाय. मधली सगळी जमीन नदीने आणून टाकलेली.

जहाजी

धागा आत्ता पाहिला. मर्चंट नेव्हीत आहे, सेकंड ऑफिसर. कृष्णाकाठ, लेख झकास, पण त्या पाटीबद्दल तक्रार आहे.

डॅन्यूबचा अधिकृत शून्य रोमानियात, सुलिना गावात. ही नदी मुखापासून उलटी मोजतात. त्यातही गंमत अशी की सुलिनापासून ब्राइलापर्यंत सागरी मैलात मोजायची आणि तिथून वर किलोमीटरमध्ये. जिथवर समुद्री जहाजं जातात तिथवर मैल. तेव्हा विल्कोव्याची पाटी पर्यटकांसाठी ठीक, चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर नाही.

मी या भागात गेलोय, २०२३ च्या उन्हाळ्यात. धान्य भरायला इझमाईलला. गाव लांबून पाहिलं, नाव आज कळलं.

मुक्काम पोस्ट गलबत

जहाजीभाऊ, लिहा की. युद्धात तिकडे जहाजं जात होती?

जहाजी

जात होती म्हणजे, तीच तेवढी जात होती. थोडं मागून सांगतो.

फेब्रुवारी २०२२ ला ओदेसाची बंदरं बंद पडली. युक्रेनचं धान्य अडकलं. उरली ती डॅन्यूबवरची तीन छोटी बंदरं, रेनी, इझमाईल, किलिया. तोपर्यंत त्यांना कोणी विचारत नव्हतं. २०२१ मध्ये सगळी मिळून ५५ लाख टनांच्या आसपास माल. २०२३ मध्ये तोच आकडा तीन कोटी टनांच्या वर. क्रेन त्याच, रस्ते तेच, एकेरी रेल्वे तीच. ट्रकच्या रांगा आम्हाला नदीतून दिसायच्या.

आत जायच्या वाटा दोन. पहिली रोमानियाच्या सुलिना कालव्यातून. सरळसोट खणलेला, पण अरुंद, सात मीटरच्या आसपास ड्राफ्ट मिळतो, म्हणजे जहाज पाण्यात तेवढंच खोल बुडलेलं चालतं. त्यातून वर तुल्चापलीकडच्या फाट्यापर्यंत जायचं आणि मग उलटं वळून किलिया फाट्याने खाली इझमाईलला यायचं. नाकाला हात लावायला मानेमागून फिरवल्यासारखं.

दुसरी वाट बिस्त्रेची. हे मुख विल्कोव्याच्या खालच्या अंगाला आहे. २००४ मध्ये युक्रेनने इथे खोल मार्ग काढला तेव्हा रोमानिया आणि पर्यावरणवाले दोघांनी कडकडून विरोध केला, कारण तो नेमका राखीव क्षेत्रातून जातो. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय चौकशी समितीनेही सीमेपलीकडे परिणाम होणार असा निष्कर्ष दिला. युद्ध सुरू झालं तेव्हा बिस्त्रेच्या तोंडावर रशियन नौदल. समोर ३५ किलोमीटरवर स्नेक आयलंड त्यांच्या ताब्यात. ३० जून २०२२ ला रशियन तिथून हटले आणि त्यानंतर काही दिवसांतच बिस्त्रेतून जहाजं सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये युक्रेनने जाहीर केलं की खोली ३.९ मीटरवरून ६.५ मीटरवर नेली. रोमानिया परत भडकला, मोजमापं घेऊन गेला.

आम्ही सुलिनाच्या बाहेर सोळा दिवस नांगर टाकून होतो. आजूबाजूला इतकी जहाजं की रडारवर रांगोळी दिसावी. ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) एक माणूस फक्त पाण्याकडे बघायला, कारण वाहून आलेले सुरुंग. जुलैत रशियाने धान्य करार, म्हणजे काळ्या समुद्रातून युक्रेनचं धान्य जाऊ देण्याचा करार, मोडला, आठवड्याभरात रेनीवर ड्रोन आले, २ ऑगस्टला इझमाईलवर. आम्ही तेव्हा बाहेरच होतो. रात्री क्षितिजावर नारिंगी दिसलं. घरी फोनवर सांगितलं, हवामान छान आहे.

पागोळी

बाप रे. आईला अजून माहीत नसेल!

जहाजी

आता कळेल, ती पण इथे वाचते.

खवचट काका

म्हणजे ज्या कालव्यामुळे पेलिकन उडणार म्हणून ओरड होती, त्यातूनच गहू आला. रानवेडीताई, आता कुणाची बाजू?

रानवेडी

काका, खड्ड्यात टाकताय होय? दोन्ही खरं असू शकतं. नदी खणली की गाळाची वाट बदलते, आणि डेल्टा गाळावरच जगतो. शेजारच्या फाट्यात पाणी कमी गेलं की तिथली डबकी सुकतात. गव्हाची किंमत मला समजते हो. पण युद्ध संपल्यावर हा कालवा परत भरू देतील असं वाटतं का तुम्हाला?

खवचट काका

नाही. तुम्ही बरोबर बोललात, मी गप्प.

नवा वाचक ७७

पण नाटोने पूर्वेकडे सरकायलाच नको होतं, मुळात...

कृष्णाकाठ

नवा वाचक, त्यासाठी वेगळा धागा आहे, पानं २१४ झालीत, तिकडे खुशाल. इथे गावाबद्दल बोलू.

स्नेक आयलंडचा विषय जहाजींनी काढलाच आहे तर. ते एवढंसं बेट (०.१७ चौरस किलोमीटर) विल्कोव्याच्याच हद्दीत मोजायचे. १९४८ मध्ये रोमानियाकडून सोव्हिएतने घेतलं. २००७ मध्ये युक्रेनने तिथे 'बिले' नावाची वस्ती कागदावर स्थापन केली आणि विल्कोव्याला जोडली. कारण रोमानियाबरोबर समुद्रहद्दीचा खटला चालू होता आणि हा नुसता खडक नाही, माणसं राहतात, असं दाखवायचं होतं. ३ फेब्रुवारी २००९ ला हेगच्या न्यायालयाने निकाल दिला आणि बेटाला स्वतःच्या बारा मैलांपलीकडे काही वजन दिलं नाही. ग्रीक लोक तिथे अकिलीसचं देऊळ आहे म्हणायचे. मी २०१९ ला नावाड्याला विचारलं, नेशील का? तो म्हणाला, तिथे साप नाहीत, दारू नाही, जाऊन करणार काय.

२४ फेब्रुवारी २०२२ ला आम्ही हॉस्टेलच्या तळघरात होतो आणि फोनवर बातमी आली, स्नेक आयलंडवर हल्ला. बाकीच्या मुलींना ते कुठे आहे माहीत नव्हतं. मला त्या नावाड्याचं वाक्य आठवलं आणि चुकीच्या वेळी हसू फुटलं.

आम्ही पालांकावरूनच बाहेर पडलो. तोच आठ किलोमीटरचा मोल्दोव्हा, या वेळी चिठ्ठी न देता थांबायला. रांगेत चालत अकरा तास. मग रोमानिया, मग विमान.

बखरकार बंडू

आता गाव कसं आहे? संपर्क आहे का आजींशी?

कृष्णाकाठ

आहे. त्यांची नात रोमानियात गलात्सला असते, ती व्हॉइस मेसेज पुढे पाठवते. तिने सांगितलेलं आणि आजींच्या तोंडून ऐकलेलं लिहिते.

नदीपलीकडे, विल्कोव्याच्या समोरच, रोमानियाचं पेरिप्राव्हा गाव. तिथेही लिपोवन. एकेकाळी इकडच्या मुली तिकडे दिलेल्या. शांत रात्री तिकडची कुत्री ऐकू येतात. फोन मधूनच रोमानियाचं नेटवर्क पकडतो. आणि ही मधली नदी म्हणजे आता युरोपियन युनियनची, नाटोची हद्द. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आली आणि नदीवर पहारा बसला. होडी कुणाची, किती वाजता निघाली, किती वाजता परतली, याची नोंद. २०२५ पासून अठरा ते बावीसच्या मुलांना सूट मिळाली, तेव्हा उरलेसुरले तेही गेले. आजी म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर होडी एक कमी सांगितली असती. आता आकाशातून मोजतात."

पर्यटक आटले. ज्या बोटी शून्य किलोमीटरला न्यायच्या त्या किनाऱ्यावर पालथ्या. बदल्यात समोरून मोठी जहाजं जायला लागली, जहाजींसारख्यांची. त्यांच्या लाटेने क्लादकेचे खुंट हलतात अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. ओदेसाहून यायचा एक रस्ता झातोकाच्या पुलावरून, त्या पुलावर एप्रिल २०२२ पासून वारंवार हल्ले झाले. रात्री इझमाईलकडे जाणारे ड्रोन गावावरून जातात. आजी त्याला मोपेड म्हणतात, सगळेच म्हणतात, आवाज तसाच असतो.

आणि येरिक भरत चाललेत. हे युद्धाच्या आधीपासून होतं, तरुण मंडळी ओदेसाला नाही तर परदेशी, मोकळ्या घरांपुढचे चर कोण उपसणार? एकाने उपसायचं सोडलं की पाणी अडतं आणि पुढच्या तीन घरांचं काम वाढतं. आता तर हातच नाहीत. आजींच्या डाव्या बाजूच्या येरिकमध्ये या वर्षी बोरू उगवला. त्यांनी स्ट्रॉबेरीचे दोन वाफे सोडून दिलेत, तीन ठेवलेत. वय एक्क्याऐंशी. दांडा पेलत नाही म्हणून नातीने मधोमध कापून आखूड करून दिला. आता काठाकाठाचाच गाळ निघतो, मधला तसाच राहतो.

जहाजी

परत त्या बाजूला जाण्याचा योग आला आणि बिस्त्रेतून गेलो, तर गावाच्या पुढे वेग कमी ठेवायला पायलटला, म्हणजे नदीतून जहाज नेणाऱ्या वाटाड्याला, सांगेन. ऐकेल असं नाही. सांगेन.

पागोळी

धागा वर काढतेय, कारण रिपोर्ट द्यायचा आहे. काल बाजारात पाला मिळाला, महाग, पण घेतला. सालामूर केलं. लसूण, मीठ, पाणी, थोडा लिंबू (माफ कर). मामालिगा म्हणून मक्याचं पीठ घोटलं, दोऱ्याने कापलं, पोरं खूश. यजमानांना काटा लागला, कोरड्या भाताचे तीन घास गिळायला लावले. पण लसणाचं पाणी कडू झालं गं. काय चुकलं असेल?

कृष्णाकाठ

ताई, नातीकडून विचारून घेतलं. आजींचा निरोप आलाय, जसाच्या तसा देते: "मिक्सर लावला असणार. लसूण ठेचायचा. आणि लिंबू कोणी सांगितला?"